पलीकडच्या पारड्यातली गोणी

फौजदारानं मला हाक मारली तेव्हा मी तुरीच्या थप्पीला टेकून पान लावत होतो. दुपारचे लिलाव आटोपले होते, हमाल मिळेल त्या सावलीत आडवे झाले होते, आणि बाजार समितीच्या फाटकासमोर मन्मथ पांढरेचा टेम्पो पोलिसांनी अडवून धरला होता.

"ए मापाडी! काटा घेऊन इकडं ये."

"साहेब, काटा येत नसतो. माल काट्याकडं येतो," मी म्हणालो.

मला तोंड आवरत नाही, हा माझा जुना रोग. फौजदार नवा होता, त्याचे कान लाल झाले; पण माझ्याशिवाय त्यालाही इलाज नव्हता. आमची मुरंबी तेव्हाच्या आंध्राच्या हद्दीला लागून. एवढ्या गावात मोठा माल तोलायचा काटा एकच, आणि त्यावर हात ठेवायचा परवाना माझा, बसवण्णा हलगरेचा. माझ्या बापाचाही तोच होता.

टेम्पोत चिंचेच्या गोण्या होत्या. त्यातली एक पोलिसांनी खाली ओढली. ती चिंचेची नव्हती. वास असा आला की झोपलेले हमाल उठून बसले.

"गांजा," फौजदार म्हणाला. "पंच म्हणून सही करायची तुला. आणि वजनही तूच करायचं."

मन्मथ टेम्पोला टेकून उभा होता. आडतदार शरणप्पा पांढरेचा हा पुतण्या, बी.कॉम. झालेला, इस्त्रीचा शर्ट घालणारा, येता-जाता मला 'अण्णा' म्हणून हात करणारा. आता त्याच्या शर्टाची पाठ घामानं चिकटली होती. त्याच्यापलीकडं, पदर डोक्यावर घट्ट ओढून, सोजर उभी होती. तिला बघितलं आणि तोंडातलं पान मी थुंकून टाकलं.

सोजर म्हणजे आमच्या बाजारात झाडू मारणारी बाई. लिलाव झाला की दुकानांपुढं सांडलेलं धान्य झाडून घ्यायचं, मातीसकट, आणि घरी नेऊन पाखडायचं. त्याला मातेरं म्हणतात. तेवढ्यावर तिनं नवरा गेल्यावर एक पोरगी वाढवली, तिचं लग्न केलं. एकदा थप्पीतली गोणी उसवून तिच्या पाटीत धोधो हरभरा पडला, तर ही बाई ती पाटी उचलून थेट दुकानात घेऊन गेली. "सांडलेलं माझं, फाटलेलं मालकाचं," म्हणाली. हमाल तिला कितीतरी दिवस त्यावरून चिडवत होते. मीही चिडवलं होतं.

"तू इथं काय करतीस?" मी विचारलं.

"ह्याच गोणीवर बसली होती," फौजदारानं परस्पर सांगितलं. "बोलू नकोस तिच्याशी. बाई, तू काट्याजवळ उभी राहा. महिला पोलीस येईपर्यंत हलायचं नाही."

मग वजन झालं. ते कसं झालं, हे नीट सांगायला हवं.

तेव्हा विजेवरचे काटे आमच्याकडं आले नव्हते. तीन बांबूंच्या तिकाटण्याला टांगलेला काटा. एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजनं. शेतकऱ्याला पैसे मालाचे मिळतात, गोणीचे नाही. म्हणून वजनाच्या पारड्यात, वजनांच्या खाली, आम्ही एक रिकामी गोणी टाकतो. इकडची गोणी तिकडच्या गोणीनं फिटते आणि काट्यावर उरतो तो निव्वळ माल. हे आम्ही कुणाला सांगत बसत नाही. चपला काढून देवळात जावं तसं ते हात आपोआप करतात.

त्या दिवशीही माझा हात आपोआप मागं गेला. आणि रोजच्यासारखी हातात गोणी आलीही. मी वळून बघितलं. सोजरनं दिली होती. रिकाम्या गोण्यांच्या ढिगाजवळच तिला उभं केलं होतं; मी हात मागं केला, तिनं वरची गोणी उचलून दिली. रोज ती हे करायची. आपण आता पोलिसांच्या ताब्यात आहोत, हे तेवढ्यापुरतं ती विसरली असावी.

फौजदार लिंबाखाली कागद लिहीत बसला होता. त्याचं इकडं लक्ष नव्हतं.

"लाभ," मी ओरडलो. धान्य मोजताना पहिल्याला आम्ही 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. सवयीनं तोंडातून गेलं. हमाल खो खो हसले.

"कुणाचा लाभ रे, अण्णा?" एक जण म्हणाला.

"वजन बोल," फौजदार खेकसला.

"वीस किलो सहाशे."

त्यानं लिहिलं: गोणीतील मुद्देमालाचे वजन वीस किलो सहाशे ग्रॅम. मी सही केली. महिला पोलीस आली, सोजरला जीपमध्ये बसवलं. बसताना ती एवढंच म्हणाली, "अण्णा, लेकीला दवाखान्यात घातलंय जिल्ह्याला. तिला कुणीतरी निरोप द्या."

दुसऱ्या दिवशी निरोप मीच घेऊन गेलो. लेकीच्या शेजारी दुपट्यात मुलगी होती, त्याच सकाळी झालेली.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. मन्मथ आणि सोजर दोघंही तोवर आतच होते. जामीन का मिळत नाही, ते मला शरणप्पाकडून कळलं.

साक्षीची तारीख लागली, त्याच्या आदल्या संध्याकाळी शरणप्पा माझ्या घरी आला. एरवी हा माणूस मला ओट्याखाली उभं करून बोलायचा. आता माझ्या सतरंजीवर बसला, माझ्या बायकोच्या हातचा चहा प्याला आणि चहा छान झालाय म्हणाला. तेव्हाच मी ओळखलं की काम माझ्याकडं आहे.

"बसवण्णा, उद्या तुझी साक्ष हाय."

"हाय."

"वीस किलोच्या वर माल गेला की दहा वर्षं. त्याच्या खाली जज्जाच्या बापालाबी येता येत न्हाई. कायदाच तसा हाय, जामीनबी त्यापायीच न्हाई. आन् वीसच्या आत आला, की सगळं जज्जाच्या मनावर. एक दिवस देईल न्हाईतर दहा वर्षं देईल." त्यानं कप खाली ठेवला. "सहाशे ग्रॅमसाठी पोरगं मरतंय माझं."

"मग मी काय करू?"

"काही करू नको. वजन गोणीसकट झालं, एवढंच म्हण. किलोभराची गोणी वजा गेली की वीसच्या आत. पंचनाम्यात गोणीचं काही लिहिलंच न्हाई. कोण बघाया गेलंय? तुझ्या थोरल्याला मी आडतीवर मुनीम म्हणून घेतो."

मला असा संताप आला की बायको आतून डोकावली. "शरणप्पा," मी म्हणालो, "तुमच्या दुकानातबी मीच माल तोलतो. उद्या शेतकऱ्यानं विचारलं, बसवण्णा, माझं माप खरं का, तर मी काय सांगू? उठा. तुमचा चहा झालाय."

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "ती बाईबी त्याच गोणीवर बसली व्हती, हे ध्यानात ठेव." आणि गेला. त्या वाक्यानं मला झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू.

जिल्ह्याच्या कोर्टात मी पहिल्यांदाच पिंजऱ्यात चढत होतो. खटल्यातला शेवटचा साक्षीदार मीच. ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हणून शपथ घेतली. जज्जसाहेब कुलथे म्हणून होते. पांढरे केस, बारीक आवाज, कुणाला टाकून बोलणारा माणूस दिसला नाही. समोर मन्मथ उभा होता. आत राहून गोरा झाला होता, पण कपडे इस्त्रीचेच. त्याच्या बाजूला एक म्हातारी बाई उभी होती. जरा वेळानं मला कळलं की ती सोजर आहे.

दोन वर्षांत एवढी कशी काय झडली? हातांची नुसती काडं राहिली होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, दाराकडं बघत होती. दारात तिची लेक उभी होती, कडेवर पोरगी. पोरगी दोन वर्षांची झाली होती आणि सोजरनं तिला अजून हातात घेतलेलं नव्हतं.

सरकारी वकिलांनी विचारलं, मी सांगितलं: टेम्पो, गोणी, वास, सही, वीस किलो सहाशे. मग मन्मथचे वकील राजूरकर उठले. जिल्ह्यातले मोठे वकील. गोणी वेगळी वजन केली होती का, असं त्यांनी विचारायला सुरुवात केली, तर जज्जसाहेबांनी हात वर केला.

"थांबा वकीलसाहेब. हे मीच विचारतो." त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा हलगरे. पंचनाम्यात गोणीचा उल्लेख नाही. तुम्ही वजन सांगितलं ते गोणीसकट की गोणी सोडून? घाई करू नका. नीट आठवून सांगा. यावर फार अवलंबून आहे."

आणि त्यांनी आरोपींकडं बघितलं. मला वाटलं, सोजरकडंच बघितलं. मला वाटलं, या माणसाला तिची दया येतेय, त्याचे हात बांधलेले आहेत, आणि ते सोडायला तो मला सांगतोय.

माझ्या डोळ्यांसमोर ते पारडं आलं, वजनांखाली दाबलेली गोणी आली आणि ती देणारा हात आला. तिकडं दारात पोरगी रडायला लागली, शिपायानं लेकीला बाहेर जा म्हणून खूण केली, सोजरनं मान वळवून ते बघितलं.

"गोणीसकट, साहेब," मी म्हणालो.

सरकारी वकील ताडकन उठले. "पण बाजारात तुम्ही गोणी वजा करता ना?"

"शेतकऱ्याच्या मालाला करतो, साहेब. हा काय शेतकऱ्याचा माल व्हता?"

कोर्टात हशा झाला. जज्जसाहेबही किंचित हसले. रिकामी गोणी केवढ्याची, असं त्यांनी विचारलं. किलोभराची, मी सांगितलं. त्यांनी ते टंकलेखकाला सांगून लिहून घेतलं. मी पिंजऱ्यातून उतरलो. मन कसं हलकं झालं होतं. शरणप्पानं मागच्या बाकावरून मान लववली. मी त्याच्याकडं बघितलं नाही. त्याच्यासाठी मी काही केलं नव्हतं.

मग मला आठवलं की खरं काय ते ठाऊक असलेलं आणखी एक माणूस त्या खोलीत आहे. आणि पाटीभर हरभरा परत नेऊन देणारं माणूस आहे ते.

साक्षी संपल्या की जज्ज स्वतः आरोपींना एकेक गोष्ट विचारतात, ही कोर्टाची पद्धत. वकील आधी शिकवून ठेवतात, काहीही विचारलं तरी 'खोटं आहे' किंवा 'माहीत नाही' म्हणायचं. मन्मथ ते नीट शिकला होता. गोणी त्याची नाही, बाईनं चढवली असेल, आपल्याला काही माहीत नाही. त्याचा आवाज सुद्धा मऊ, ऐकत राहावा असा.

मग सोजरची पाळी आली.

"बाई, तुम्हाला गोणीवर बसलेलं पोलिसांनी पकडलं. खरं का?"

"खरं हाय."

तिला सरकारनं दिलेला वकील खोकला. तरुण पोर होता बिचारा, हातात आणखी तीन फायली.

"गोणीत काय आहे ते तुम्हाला माहीत होतं?"

"बसताना न्हवतं. मग वास आला. तवा ठाव झालं."

"मग उतरला का नाहीत?"

"लेकीचं पोट दुखाय लागलं व्हतं, साहेब. बस संध्याकाळी व्हती. ह्ये मन्मथ मालक म्हनले, फुकट नेतो, कुनी इचारलं तर गोनी माझी म्हन."

वकिलानं कपाळाला हात लावला. जज्जसाहेबांनी कागद उलटला. मी ज्याला भीत होतो तो प्रश्न आला.

"मापाडी सांगतात, वजन गोणीसकट झालं. तुम्ही तिथंच उभ्या होतात. तुमचं काय म्हणणं?"

सोजरनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.  ही आता तोंड उघडणार, सरळ सांगणार की गोणी मीच दिली होती अण्णांच्या हातात, आणि मला इथूनच बेड्या घालून नेतील. माझी बायको, पोरं, परवाना, बापाचं नाव, सगळं त्या बाईच्या जिभेवर येऊन बसलं होतं.

ती काहीच बोलली नाही.

"बाई, ऐकू आलं का?"

तिनं माझ्यावरची नजर काढून दाराकडं नेली.

जज्जसाहेबांनी टंकलेखकाला सांगितलं, "आरोपी उत्तर देत नाही." पुढंही दोन-तीन प्रश्न होते. त्यांनाही तिनं उत्तर दिलं नाही. तिचा तो वकील उलट खूश झाला. बरं झालं, उशिरा का होईना शहाणी झाली, असं म्हणाला. मीही बाहेर येऊन टपरीवर गरम भजी खाल्ली. मला वाटलं, सोजरला कळलं. तिच्यासाठीच आपण केलं, हे तिला कळलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ती शहाण्यासारखी वागली.

निकालाला मला कुणी बोलावलं नव्हतं. मी आपणहून गेलो. खोट्याचं काय पीक येतंय ते डोळ्यांनी बघायचं होतं.

जज्जसाहेबांनी दोघांनाही दोषी धरलं. माल मात्र वीस किलोच्या आत, मापाड्याची साक्ष विश्वासार्ह, असं वाचून दाखवलं. विश्वासार्ह म्हटल्यावर मी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "आता शिक्षेबद्दल. कायद्यानं ही गोष्ट माझ्यावर सोडलेली आहे. दोन्ही बाजूंना काय सांगायचं ते सांगा."

राजूरकर वकिलांनी एक जाड पुडकं काढलं. पदवीचं प्रमाणपत्र, रक्तदानाचं प्रमाणपत्र, सरपंचाचा दाखला, आईच्या आजाराचे कागद. लग्न ठरलेलं होतं, ते मोडायच्या बेतात आहे. आणि मग मन्मथ रडला. हात जोडून, खरंखुरं पाणी काढून रडला. "चूक झाली, साहेब. वाईट संगतीनं झाली. एक संधी द्या." मागच्याच तारखेला त्याला काही माहीत नव्हतं, हे तिथं कुणाला आठवलं नाही. मलासुद्धा त्याची दया आली, मग इतरांचं काय बोलायचं.

सोजरचा वकील उठला. "गरीब बाई आहे, दया व्हावी," म्हणाला आणि बसला. सरकारी वकिलांनी मध्येच सांगितलं की हिच्या घरी पूर्वी हातभट्टीची धाड पडलेली आहे. पडली होती, खरंय. तिची सासू गाळायची. सासू पळून गेली आणि सोजर सापडली.

"बाई," जज्जसाहेब म्हणाले, "तुम्हाला स्वतःला काही सांगायचंय?"

सोजर खाली बघत होती.

"घरी कोण आहे? कुणाची जबाबदारी आहे का?"

 दारात लेक पदर तोंडाला लावून उभी होती. मी बाकावरून पुटपुटलो, "बोल की गं. नातीचं सांग. लेकीचं सांग." शिपायानं माझ्याकडं डोळे वटारले.

"एवढं तरी सांगा. केलं ते चुकलं, असं वाटतं का?"

तिनं तोंड उघडलं. अगदी उघडलं होतं, मी बघितलं. मग तिची नजर माझ्यावर आली आणि तिनं ते मिटून घेतलं.

जज्जसाहेबांनी वाट बघितली. माणूस काही दुष्ट नव्हता. त्यांनी खूप वेळ वाट बघितली. मग ते टंकलेखकाकडं वळून सांगू लागले. आरोपी क्रमांक एक तरुण आहे, सुशिक्षित आहे, चांगल्या घरातला आहे, त्याला पश्चात्ताप झालेला आहे. दोन वर्षं तो तुरुंगात आहेच. तेवढी कैद पुरेशी आहे, वर दंड. आरोपी क्रमांक दोन हिला माल काय आहे हे माहीत होतं आणि तिनं ते कबूल केलं आहे. पूर्वीही तिच्यावर गुन्हा आहे. न्यायालयानं वारंवार विचारूनही तिनं एका शब्दानं खेद व्यक्त केला नाही. अशा निगरगट्ट आरोपीला सवलत दिली तर समाजात चुकीचा संदेश जाईल.

"दहा वर्षं सक्तमजुरी."

मी उठून उभा राहिलो. "साहेब!" मोठ्यानं ओरडलो असणार, कारण सगळे वळले.

"काय आहे?" जज्जसाहेबांनी विचारलं.

काय होतं? खरं सांगितलं असतं, तर माल वीसच्या वर गेला असता, मन्मथही दहा वर्षांसाठी आत गेला असता आणि मीही गेलो असतो. सोजरची दहाची दहाच राहिली असती. तिला जिथून खाली उतरवायला मी खोटं बोललो होतो, तिथंच त्यांनी तिला नेऊन उभं केलं होतं. आणि या खेपेला कायद्यानं नव्हे, आपल्या मर्जीनं. ही मर्जी त्यांच्या हातात आणून ठेवली होती मीच.

"काही नाही, साहेब," मी म्हणालो. शिपायानं खांद्याला धरून मला खाली बसवलं.

बाहेर व्हरांड्यात मन्मथनं मला गाठलं आणि चटकन वाकून माझ्या पायांना हात लावला. "अण्णा, तुमच्यामुळं आज घरी चाललोय." शरणप्पानं माझ्या पाठीवर थाप मारली. थोरल्याला उद्यापासून आडतीवर पाठव म्हणाला. मी पाय मागं घेतले. थोरल्याला मी कधीच पाठवला नाही, पण त्यानं कुणाचं काय भलं झालं?

सोजरला दोन बायका पोलीस घेऊन चालल्या होत्या. लेकीनं पोरगी पुढं केली. पोरीनं आजीला बघून भोकाड पसरलं आणि आईच्या खांद्यात तोंड लपवलं. सोजरनं तिच्या तळपायावरून बोट फिरवलं.

"का न्हाई बोललीस?" मी तिच्याबरोबर चालत विचारलं. "सोजर, का न्हाई बोललीस गं?"

"अण्णा," ती म्हणाली, "फाटकाजवळचं मातेरं आता लेकीला झाडू द्या. दुसरीला देऊ नका."

तेवढ्यात जीप आली.

वरच्या कोर्टात अपील गेलं. सरकारनं दुसरा वकील दिला. शिक्षा तशीच राहिली. पहिली एक-दोन वर्षं मी लेकीबरोबर तुरुंगात भेटीला जायचो. सोजर नातीचं विचारायची, बाजारभाव विचारायची. 'का न्हाई बोललीस' या प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नाही आणि मग मीही विचारायचं आणि जायचं सोडून दिलं. कुठल्या तोंडानं जायचं?

ती सुटून आली तेव्हा तुरीचीच सुगी होती. मी विजेच्या काट्याशेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. तिकाटणं केव्हाच मोडीत गेलं होतं. समोर शरणप्पाच्या दुकानावर मन्मथचं नाव लागलं होतं. बाजार समितीचा संचालक झाला होता तो, दोन पोरांचा बाप. दुकानापुढं ट्रॅक्टर लागला होता. सोजर फाटकातून आली, इकडं तिकडं बघत, आणि माझ्यापुढं खाली बसली. केस सगळे पांढरे.

मी चहा मागवला. तिनं बशीत ओतून प्याला.  शेवटी जे इतकी वर्षं छातीवर बसलं होतं तेच बाहेर आलं.

"सोजर, त्या दिवशी बोलली असतीस तर सुटली असतीस. जज्ज तुझ्या तोंडाकडं बघत बसला व्हता."

"काय बोलनार, अण्णा?" ती म्हणाली. "त्येनी वजनाचं इचारलं. खरं सांगितलं तर तुमी आत जानार. खोटं मला सांगाया येत न्हाई. मग म्हनलं, गप ऱ्हावं. एकदा गप बसल्यावर मधीच कसं बोलायचं? चुकलं का म्हनून इचारलं त्येनी. तोंड उघडलं असतं, तर सगळंच भाईर पडलं असतं. मला थोडं थोडं बोलता येत न्हाई."

ती माझ्यासाठी गप्प बसली होती. मी तिला वाचवायला खोटं बोललो, आणि त्या खोट्याला ठेच लागू नये म्हणून ती आठ वर्षं जास्त आत राहिली. हे मला कळलं तेव्हा मी रडलो. बाजारात, हमालांसमोर, टॉवेल तोंडाला लावून रडलो.

"आता रडू नका," तिनं बशी खाली ठेवली. "मी आत लई इचार केला. वीस किलो सहाशे व्हता माल. गोनी सोडून. मीच तर गोनी दिल्ती तुमच्या हातात. वीसच्या वर असंल तर दहा सालं, आसा कायदा व्हता ना? मला दहाच झाली. माझं माप बरुबर झालं, अण्णा." तिनं समोरच्या दुकानाकडं हनुवटी केली. "कमी भरलं ते त्येचं."

मग ती उठली, पदर खोचला आणि झाडू कुठं ठेवलेत म्हणून विचारलं.

"अण्णा, काट्यावर या!" मन्मथच्या दुकानावरून हमालानं हाक मारली. मी डोळे पुसले आणि गेलो. ट्रॅक्टरमधली पहिली गोणी काट्यावर चढली, लाल आकडे लागले. हमाल 'लाभ' ऐकायला माझ्या तोंडाकडं बघत थांबला होता. मन्मथही गादीवरून बघत होता.

"एक," मी म्हणालो.